टास्मोटा : घरातल्या स्विचचा ताबा घरातच ठेवणारे मोफत फर्मवेअर

मोबाईलवरून दिवा लावणे, बाहेर पडल्यावर गिझर बंद करणे, याची नवलाई आता राहिलेली नाही. ‘स्मार्ट प्लग’, ‘स्मार्ट स्विच’ या नावाची डबी बेळगाव, मडगावच्या दुकानात मिळते, तशीच इंदूर, वडोदरा, हैदराबादलाही मिळते. भिंतीत बसवली, मोबाईलमध्ये कंपनीचे ॲप घेतले, वायफायचा पासवर्ड दिला की काम सुरू. मात्र डबी घरात असली तरी तिचा कारभार बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवरून चालतो. हॉलमध्ये बसलेल्या माणसाने बोट दाबले की निरोप आधी दूरच्या सर्व्हरवर जातो, तिथून परत त्याच घरात येतो आणि मग दिवा लागतो. घरचे इंटरनेट बंद पडले की हा प्रवास अडतो. कंपनीनेच सर्व्हर बंद केला, तर पैसे मोजून घेतलेल्या डबीचे काय, हा खरा प्रश्न आहे.

यावर जगभरातल्या हौशी तंत्रज्ञांनी काढलेला उपाय म्हणजे डबीतले फर्मवेअर बदलणे. अशा खुल्या फर्मवेअरपैकी सर्वाधिक परिचित नावांत ‘टास्मोटा’ येते. ते काय आहे, कुठून आले, कसे चालते, आपल्याकडच्या वायरिंगला आणि वीजपुरवठ्याला ते वापरताना कुठे जपावे लागते, याची ही माहिती.

फर्मवेअर म्हणजे काय?

स्मार्ट स्विचच्या डबीत चार मुख्य वस्तू असतात. २३० व्होल्टची वीज उतरवून कमी दाबाची करणारा भाग, वीज जोडणारी-तोडणारी रिले, हाताने दाबायचे बटण आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारी छोटी चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर. चिपने काय करायचे हे सांगणारा प्रोग्रॅम तिच्या फ्लॅश मेमरीत भरलेला असतो. वीज गेली तरी तो पुसला जात नाही. यालाच फर्मवेअर म्हणतात. कंपनीचे फर्मवेअर कंपनीच्या सर्व्हरशी बोलते. ते काढून दुसरे भरले की तीच डबी, तीच रिले, पण हुकूम वेगळ्याचा चालतो.

टास्मोटाचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे. त्याला जीपीएल ३ हा परवाना आहे. कोणीही तो वापरावा, वाचावा, बदलावा. बदललेले फर्मवेअर डबीत भरून विकायचे असेल, तर बदललेला कोडही गिऱ्हाईकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. वापरायला पैसे नाहीत, खाते उघडावे लागत नाही, मोबाईल नंबर द्यावा लागत नाही.

सर्व्हर बंद पडला की

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे घरगुती उपकरणे जोडणारे यंत्र विकले जात होते. ती कंपनी २०१४ मध्ये नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. यंत्रात बिघाड नव्हता, तरी ते निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले आणि ॲपवर विसंबलेल्या ग्राहकांची घरे एका रात्रीत ‘स्मार्ट’ राहिली नाहीत. पुढे काही ग्राहकांनीच पुढाकार घेऊन ती कंपनी विकत घेतली आणि सेवा सुरू केली. पण दिव्याच्या बटणासाठी कंपनी विकत घेण्याची वेळ यावी, यातच सगळे आले.

फ्रीज, मिक्सर घेतला की व्यवहार दुकानाच्या काऊंटरवर संपतो. सर्व्हरवर चालणाऱ्या वस्तूचा व्यवहार तिथे संपत नाही. कंपनी जोवर सर्व्हरचा खर्च सोसते तोवरच ती वस्तू पूर्ण चालते.

एका स्वस्त चिपची करामत

या चळवळीचे मूळ एका चिपमध्ये आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ सिस्टिम्स कंपनीची ‘ईएसपी ८२६६’ ही वायफाय चिप २०१४ मध्ये हौशी लोकांच्या हाती आली. एआय-थिंकर या कंपनीने तिच्यावर ‘ईएसपी-०१’ नावाचे नखाएवढे मोड्यूल बनवले. सुरुवातीला दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरला वायफाय जोडून देण्यापुरताच तिचा वापर होई. माहितीपत्रके चिनी भाषेत होती, ती लोकांनी खटपट करून इंग्रजीत आणली. त्याच वर्षी एस्प्रेसिफने थेट चिपवर प्रोग्रॅम लिहिण्याची साधने खुली केली, आणि पुढच्या वर्षी ती आर्डुइनोच्या परिचित पद्धतीने प्रोग्रॅम करता येऊ लागली. आर्डुइनो म्हणजे इटलीत २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली सोपी मायक्रोकंट्रोलर पद्धत. अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत आजही पहिला प्रोजेक्ट तिच्यावरच होतो.

ईएसपी ८२६६ ही ३२ बिटची चिप साधारणपणे ८० मेगाहर्ट्झवर चालते आणि तिला ३.३ व्होल्ट लागतात. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखते. घरात ५ गिगाहर्ट्झचेच वायफाय सुरू ठेवले असेल तर डबीला ते दिसतच नाही. ‘वायफाय सापडत नाही’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच निघते. २०१६ मध्ये हिची मोठी बहीण ‘ईएसपी ३२’ आली. तिच्यात ब्लूटूथ आणि जास्त मेमरी आहे. टास्मोटा दोन्हींवर चालते.

नावाची कुळकथा

चीनच्या शेन्झेन शहरातील आयटीड कंपनीने ‘सोनऑफ’ नावाची स्वस्त वायफाय रिले बाजारात आणली. आत ईएसपी ८२६६ होती, आणि पट्टीवर प्रोग्रॅम भरायची टोकेही छापलेली होती. नेदरलँड्सचे थिओ आरेंड्स यांनी २०१६ मध्ये या डबीसाठी आपले फर्मवेअर लिहून खुले केले. ‘थिओ आरेंड्स सोनऑफ एमक्यूटीटी ओव्हर द एअर’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘टास्मोटा’ हे नाव तयार झाले. सुरुवात एका कंपनीच्या डबीपासून झाली, पण पुढे जगभरातल्या लोकांनी भर घातली आणि आज दोन हजारांहून अधिक उपकरणांची मांडणी तयार स्वरूपात मिळते. या मांडणीला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. कोणत्या पिनवर रिले, कोणत्या पिनवर बटण आणि कोणत्या पिनवर दिवा, हे त्यात लिहिलेले असते. उदाहरणार्थ, सोनऑफ बेसिकमध्ये बटण शून्य क्रमांकाच्या पिनवर, रिले १२ वर आणि छोटा दिवा १३ वर आहे. टेम्प्लेट चुकीचे टाकले तर बटण दाबून काहीच होत नाही किंवा भलतीच रिले खटकते.

निरोप कसा जातो?

टास्मोटा भरलेली डबी तीन प्रकारे चालवता येते. पहिला प्रकार ब्राउझरचा. मोबाईल किंवा संगणकावर डबीचा पत्ता टाकला की तिचे स्वतःचे छोटे पान उघडते. त्यावर बटण असते, सेटिंग असते. हे पान डबीतूनच येते, बाहेरून नव्हे. दुसरा प्रकार हाताने दाबायच्या बटणाचा. वायफाय बंद असले तरी भिंतीवरचे बटण काम करते, आणि घरात वयस्कर माणसे असतील तर हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तिसरा प्रकार एमक्यूटीटीचा.

एमक्यूटीटी ही निरोप पोचवण्याची पद्धत १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लन निपर यांनी तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केली. उपग्रहाची जोडणी महाग आणि मंद, म्हणून निरोप अगदी आटोपशीर ठेवले. ही पद्धत पोस्ट ऑफिससारखी चालते. मधल्या ‘ब्रोकर’कडे निरोप येतात. ज्याने ज्या विषयाची वर्गणी भरली असेल, त्याला त्या विषयाचे निरोप मिळतात. टास्मोटात तीन पेट्या ठरलेल्या आहेत : एक हुकमाची, दुसरी हुकूम पाळल्याच्या पोचपावतीची, तिसरी ठरावीक वेळाने येणाऱ्या हालहवालाची. ‘मोस्किटो’ हा मोफत ब्रोकर घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर चालतो. त्याला ‘होम असिस्टंट’ हे २०१३ मध्ये सुरू झालेले खुले सॉफ्टवेअर जोडले की घरातली सगळी यंत्रे एका पडद्यावर दिसतात. एखाद-दुसरा दिवा असेल तर यांपैकी कशाचीच गरज नाही, डबीचे स्वतःचे पान पुरते.

डबीत ते भरतात कसे?

सगळ्यात आधी एक नियम, आणि त्याला अपवाद नाही. प्रोग्रॅम भरताना डबी २३० व्होल्टला जोडलेली असता कामा नये. डबी बोर्डातून पूर्ण सुटी करून, टेबलावर घेऊनच उघडायची. वीज मोजणाऱ्या काही डब्यांत कमी दाबाचा भागही थेट फेजशी जोडलेला असतो. तशा डबीला चालू विजेवर संगणकाची केबल लावली तर लॅपटॉप जळेल आणि माणसाच्या जिवावरही बेतेल. विजेचे काम येत नसेल त्याने डबी खोलणे-बसवणे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे.

काम असे होते. यूएसबी ते सीरियल हे छोटे जोडयंत्र घ्यायचे. ते ३.३ व्होल्टवर चालणारे हवे. ५ व्होल्ट दिले तर चिप खराब होऊ शकते. चार तारा जोडायच्या : ३.३ व्होल्ट, ग्राउंड, पाठवण्याची आणि घेण्याची. शेवटच्या दोन उलट-सुलट जोडायच्या, कारण एकाचे पाठवणे म्हणजे दुसऱ्याचे घेणे. शून्य क्रमांकाची पिन ग्राउंडला टेकवून केबल लावली की चिप प्रोग्रॅम घ्यायला तयार होते. सोनऑफ बेसिकमध्ये त्या पिनवरच बटण असल्याने बटण दाबून धरले तरी पुरते. मग क्रोमसारख्या ब्राउझरमधून टास्मोटाचा अधिकृत वेब इन्स्टॉलर फाईल भरतो. पोरांना हे काम काही मिनिटांचे वाटते. पहिल्यांदा करणाऱ्याची निम्मी संध्याकाळ जाते, आणि बहुधा तारांची अदलाबदल झालेली असते.

भरून झाल्यावर डबी ‘टास्मोटा’ आणि काही अक्षर-आकड्यांच्या नावाचे स्वतःचे वायफाय सुरू करते. मोबाईल त्याला जोडून १९२.१६८.४.१ हा पत्ता उघडला की घरच्या वायफायचे नाव-पासवर्ड विचारला जातो. पुढची सगळी सेटिंग वायरीशिवाय. फर्मवेअरची नवी आवृत्तीही वायरीशिवाय चढते. फक्त सोनऑफ बेसिकसारख्या डब्यांत फ्लॅश मेमरी १ एमबीच असते, त्यात दोन पूर्ण फर्मवेअर एका वेळी मावत नाहीत. म्हणून आधी ‘मिनिमल’ ही छोटी आवृत्ती चढते आणि तिच्या आधाराने पूर्ण आवृत्ती येते. हे चालू असताना लाईट गेली, तर पुन्हा डबी खोलावी लागू शकते. लोडशेडिंगच्या वेळेत हे काम काढू नये.

कंपनीची डबी उघडली की वॉरंटी संपते, हेही ध्यानात ठेवायला हवे. खोलाखोली नको असेल तर आधीच टास्मोटा भरून विकल्या जाणाऱ्या डब्याही काही कंपन्या बनवतात.

लाईट गेली, आली : इथे खरे जपायचे

टास्मोटा युरोपात घडले, तिथे दिवसातून चार वेळा वीज जात नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वीज लागोपाठ जाते-येते. त्यामुळे तीन सेटिंग पहिल्या दिवशीच पाहून घ्यावीत. या आज्ञा डबीच्या पानावरच्या ‘कन्सोल’मध्ये इंग्रजीत टंकायच्या असतात.

पहिले ‘सेटऑप्शन ६५’. डबी अडकली तर सुटका व्हावी म्हणून टास्मोटात एक सोय आहे. वीज पटापट सहा वेळा घालवून सातव्यांदा चालू ठेवली की सगळी सेटिंग पुसली जातात. वादळी रात्री वीज नेमकी अशीच लपंडाव खेळली, तर डबी घरचे वायफायच विसरते. सेटऑप्शन ६५ ची किंमत १ केली की ही सोय बंद होते. त्यानंतरही बटण ४० सेकंद दाबून धरून सेटिंग पुसण्याचा मार्ग राहतो.

दुसरे ‘पॉवरऑनस्टेट’. वीज परत आल्यावर रिलेने काय करायचे, ते इथे ठरते. मूळ किंमत ३ असते, म्हणजे वीज जाण्यापूर्वी चालू असेल तर पुन्हा चालू. दिव्याला हे ठीक. पण गिझर चालू असताना वीज गेली, घरचे बाहेर पडले आणि दुपारी वीज आली, तर रिकाम्या घरात गिझर सुरू होतो. गिझर, इस्त्री, मोटर यांना किंमत ० द्यावी. वीज आली तरी माणसाने चालू केल्याशिवाय ते सुरू होत नाहीत.

तिसरे ‘पल्सटाइम’. ठरलेल्या वेळाने रिले आपोआप बंद करणारी ही आज्ञा आहे. १११ पर्यंतची किंमत सेकंदाच्या दहाव्या भागात मोजली जाते. त्यापुढे हव्या त्या सेकंदांत १०० मिळवायचे. म्हणजे गिझर २० मिनिटांनी बंद व्हायचा असेल तर १२०० सेकंद अधिक १००, किंमत १३००. हे मोजमाप डबीतच होते. इंटरनेट असो-नसो, गिझर बंद होतोच.

टायमरचे मात्र तसे नाही. टास्मोटात १६ टायमर आहेत, पण डबीत स्वतःचे घड्याळ नसते. ती वेळ इंटरनेटवरून घेते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट आले नाही, तर वेळ कळत नाही आणि टायमर चालत नाहीत. वेगळे घड्याळाचे मोड्यूल जोडून किंवा घरातल्या संगणकाकडून वेळ घेऊन ही अडचण दूर होते.

पॅरिसचा सूर्यास्त आणि पणजीचा सूर्यास्त

अंगणातला दिवा सूर्यास्ताला लागावा, सूर्योदयाला विझावा, ही सगळ्यांची पहिली मागणी. टास्मोटा गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन ही वेळ स्वतः काढते. गंमत अशी, की मूळ सेटिंगमध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ते बदलले नाहीत तर खानापुरातला दिवा पॅरिसच्या सूर्यावर चालतो. वेळेचे क्षेत्रही अधिक ५:३० असे नेमून द्यावे लागते.

आपल्या वाचकांच्या गावांसाठी अंदाजे आकडे असे : बेळगाव १५.८५ उत्तर, ७४.५० पूर्व. पणजी १५.४९, ७३.८३. हैदराबाद १७.३९, ७८.४९. वडोदरा २२.३१, ७३.१८. इंदूर २२.७२, ७५.८६. ग्वाल्हेर २६.२२, ७८.१८.

घड्याळ सगळीकडे एकच असले तरी सूर्य एक नाही. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. बेळगाव आणि हैदराबादमध्ये साधारण ४ अंश, म्हणून हैदराबादला सूर्यास्त सुमारे १६ मिनिटे आधी होतो, ऋतूप्रमाणे थोडा कमी-जास्त. अक्षांशाचा परिणाम वेगळाच. डिसेंबरात इंदूरला सूर्य पणजीच्या वीसेक मिनिटे आधी मावळतो, जूनमध्ये मात्र काही मिनिटे उशिरा. म्हणून नातेवाइकाच्या घरी चालणारी वेळ जशीच्या तशी उतरवून घेऊ नये.

कोणत्या डबीला किती भार?

फर्मवेअर बदलल्याने रिलेची ताकद वाढत नाही. १० अँपिअरच्या डबीवर २००० वॉटचा गिझर टाकला तर सुमारे ८.७ अँपिअर वाहतात, म्हणजे ती काठावर चालते. ३००० वॉटला १३ अँपिअर लागतात, तिथे ती डबी वापरायचीच नाही. गिझरला १६ अँपिअरची चांगली डबी किंवा सरळ कॉन्टॅक्टर लावावा. विहिरीच्या किंवा टाकीच्या मोटरीला सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट लागू शकतो, त्यामुळे छोट्या रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. मोटरला कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड हवेच, डबीने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी.

छताचा पंखा चालू-बंद करायला साधी रिले चालते. वेग बदलायला दिव्याचा डिमर वापरू नये, पंख्यासाठीचे कपॅसिटरचे रेग्युलेटर असलेले मोड्यूल घ्यावे. डबीला स्वतः चालायला न्यूट्रल लागतो. आपल्याकडे एकाच बोर्डात स्विचबरोबर सॉकेट असले तर न्यूट्रल तिथे असतो. नुसत्या स्विचच्या बोर्डात तो नसण्याची शक्यता असते. रिले नेहमी फेजवर बसवावी, नाहीतर दिवा बंद दिसला तरी होल्डरमध्ये करंट राहतो. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग असावेच. गोवा आणि किनारपट्टीत दमट हवेने, तर इतरत्र मुंग्या आणि पालींमुळे बोर्ड खराब होतात, म्हणून उघड्या पट्टीची रिले बोर्डात तशीच सोडू नये.

जमाखर्च

अशी डबी स्वतःही वीज खाते. रिले बंद असताना साधारण अर्धा ते एक वॉट धरायला हरकत नाही. एक वॉट चोवीस तास, वर्षभर म्हणजे ८.७६ युनिट. दहा डब्यांचे ८७.६ युनिट. उलट बाजूला, २००० वॉटचा गिझर रोज पंधरा मिनिटे विनाकारण चालू राहत असेल तर दिवसाला अर्धा युनिट, वर्षाला सुमारे १८२ युनिट जातात. म्हणजे गिझरला लावलेली एक डबी दहांचा खर्च भरून काढते, पण प्रत्येक एलईडी दिव्याला डबी लावून बिल कमी होत नाही. ९ वॉटचा दिवा वाचवायला एक वॉटची डबी बसवण्यात सोय आहे, बचत फारशी नाही.

वीज मोजणाऱ्या डब्यांत टास्मोटा व्होल्ट, अँपिअर, वॉट आणि दिवसाचे युनिट दाखवते. आकडे खरे यावेत म्हणून आधी ६० वॉटच्या साध्या पिवळ्या बल्बसारख्या ठाऊक भारावर जुळवून घ्यावे लागते. मीटरच्या बिलाशी ताडून पाहायला याचा चांगला उपयोग होतो. आपल्या वाचकांची वीज वेगवेगळ्या राज्यांतल्या कंपन्यांकडून येते, दर वेगळे आहेत, पण युनिट सगळीकडे एकच.

जोडीची इतर फर्मवेअर

टास्मोटा एकटे नाही. ‘ईएसपीहोम’ची सुरुवात २०१८ च्या सुमारास झाली. त्यात प्रत्येक डबीसाठी साध्या मजकुराची फाईल लिहायची आणि त्यातून नेमके तेवढेच फर्मवेअर तयार होते. होम असिस्टंट वापरणाऱ्यांना ते सोयीचे जाते. २०२४ पासून ते आणि होम असिस्टंट दोन्ही ओपन होम फाउंडेशनकडे आहेत. रंगीत एलईडी पट्ट्यांसाठी ‘डब्ल्यूएलईडी’ प्रसिद्ध आहे. गणपतीच्या आराशीला, दिवाळीच्या रोषणाईला हौशी मंडळींनी एकदा पाहावे असे ते आहे. तयार डबीला एकदाच बसवून विसरून जायचे असेल तर टास्मोटा, सेन्सर जोडून स्वतःचे यंत्र बनवायचे असेल तर ईएसपीहोम, असा ढोबळ हिशेब सांगता येतो.

चिप बदलली, वाट बदलली

बाजारातल्या अनेक ब्रँडच्या डब्यांच्या आत हांगझोऊच्या तुया कंपनीचे मोड्यूल असते. डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग येथील संगणक परिषदेत या उपकरणांतील सुरक्षेच्या त्रुटी दाखवण्यात आल्या. त्यांचाच आधार घेऊन डबी न उघडता वायफायवरून टास्मोटा भरण्याची युक्ती निघाली. कंपनीने पुढे त्या त्रुटी बुजवल्या. नंतर अनेक डब्यांत ईएसपी ८२६६ च्या जागी बेकन कंपनीची बीके ७२३१ ही चिप येऊ लागली. खोके तेच, नाव तेच, आत चिप वेगळी. अशा डबीवर टास्मोटा चालत नाही. तिच्यासाठी ‘ओपनबेकन’ हे वेगळे खुले फर्मवेअर आहे, आणि त्याची वापरण्याची पद्धत बरीचशी टास्मोटासारखीच ठेवली आहे. त्यामुळे ‘मित्राने हीच डबी घेतली होती’ यावर विसंबून चार-चार डब्या घेऊ नयेत. एक आणावी, उघडून चिप पाहावी, मग बाकीच्या घ्याव्यात.

कडी-कुलूप

टास्मोटा बाहेरच्या सर्व्हरशी बोलत नाही, म्हणून ते आपोआप सुरक्षित होत नाही. डबीच्या पानाला सुरुवातीला पासवर्ड नसतो, तो घालावा लागतो. पानावरची देवाणघेवाण साध्या, सांकेतिक न केलेल्या स्वरूपात होते. म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून हे पान थेट इंटरनेटवर ठेवणे म्हणजे घराला कडी न लावता गावाला जाणे. परगावाहून घर पाहायचे असेल तर व्हीपीएन किंवा होम असिस्टंटची सुरक्षित जोडणी वापरावी. पाहुण्यांना दिलेल्या वायफायवर या डब्या ठेवू नयेत.

मराठीत होईल?

टास्मोटाच्या पानावरचे शब्द प्रत्येक भाषेसाठी एकेका वेगळ्या फाईलमध्ये असतात. डच, जर्मन, फ्रेंचसह बऱ्याच भाषा त्यात आहेत. मराठी करायचे तर इंग्रजी फाईलची प्रत घेऊन समोरचा मजकूर बदलायचा, प्रोग्रॅमिंग फारसे लागत नाही. अडचण जागेची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. १ एमबीच्या चिपवर शब्द आखूड निवडावे लागतील. ‘चालू’, ‘बंद’, ‘वेळ’, ‘जतन करा’ एवढे जरी घरातल्या आजी-आजोबांना मराठीत दिसले तरी काम होते. जिथे शाळा, कचेरी, दुकानाची पाटी दुसऱ्या भाषेत आहे, तिथे घरातला स्विच तरी आपल्या भाषेत बोलला तर कुणाला नको आहे?

एक कागद लिहून ठेवा

अनेक घरांत हे सगळे बसवणारा मुलगा किंवा मुलगी पुण्या-बंगळूरला असते आणि स्विच वापरणारे आई-वडील गावी. राउटर बदलला, पासवर्ड बदलला की सगळ्या डब्या एकदम मुक्या होतात, आणि वायरमनला बोर्डात काय आहे ते कळत नाही. टास्मोटात दोन वायफायची नावे साठवता येतात, दुसरे म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटचे नाव घालून ठेवावे. जुने भिंतीवरचे बटण काढू नये. आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा : कोणत्या बोर्डात कोणती डबी, तिचा पत्ता, टेम्प्लेटचे नाव, कोणता एमसीबी पाडायचा आणि डबी काढून जुनी वायर सरळ कशी जोडायची. पासवर्ड तेवढा त्यावर लिहू नये, तो घरातल्या वहीत. फर्मवेअर खुले असले तरी घरातल्या माणसाला ते उघडता यायला हवे, त्यासाठी हा कागद.